परदेशी दाढ दुखली तर...
प्रवासापूर्वीची व प्रवासातील दंतचिकित्सा : थोडी माहिती, थोडी सावधगिरी

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखादा आरोग्यविषयक लेख देण्याची प्रथा आहे. यंदा आम्ही जो विषय निवडला आहे तो वरकरणी किरकोळ वाटेल. मुलामुलींच्या आग्रहावरून चार-सहा महिन्यांसाठी परदेशी जाणाऱ्या आईवडिलांची संख्या गावोगाव वाढली आहे. ही मंडळी रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मोजून घेतात, चष्म्याची दुसरी जोडी घेतात, लोणच्याच्या बरण्याही घेतात. दातांचा विचार मात्र बहुधा कोणी करीत नाही. परदेशातील खर्चाच्या दृष्टीने पाहता नेमका तोच विचार आधी व्हायला हवा.

एक अनुभव

आमच्या दंतविभागात नियमित येणारे एक निवृत्त मुख्याध्यापक सपत्नीक मुलीकडे न्यू जर्सीला गेले. त्यांची खालची डावी दाढ खोलवर किडली होती. रूट कॅनॉल करून घ्यावे, असे आमच्या डॉक्टरांनी सुचवले होते. तेव्हा दुखत नसल्यामुळे त्यांनी ते पुढे ढकलले. त्यांच्या केसपेपरवर 'परत आल्यावर बघू' अशी नोंद आहे आणि ती आमच्याच हातची आहे. ते कोठे जाणार, किती दिवस जाणार, हे आम्ही विचारले नव्हते.

तेथे पोहोचल्यावर दुसऱ्याच महिन्यात दाढ ठणकू लागली. येथील उपचार फार महाग असतात, हे सरांनी ऐकले होते. जावयाला खर्चात घालायचे नाही म्हणून त्यांनी नऊ दिवस कोणाला काही सांगितले नाही. एका बाजूने चावायचे, रात्री लवंग धरायची, नातवंडांसमोर हसून दाखवायचे असे चालले होते. दहाव्या दिवशी गाल सुजला आणि ताप भरला. घाबरून त्यांना एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेले. तेथे तपासणी झाली, प्रतिजैविके व वेदनाशामक गोळ्या लिहून मिळाल्या आणि दंतवैद्याकडे जाण्यास सांगण्यात आले. दाढ होती तशीच राहिली, आणि बिल मात्र यायचे ते आलेच. पुढे एका दंतमहाविद्यालयाच्या चिकित्सालयात ती दाढ काढावी लागली. मायदेशी परतल्यावर सर आम्हांला म्हणाले, "पैसे गेल्याचे दुःख नाही, पण मुलीला वाटले की बाबांनी आपल्याला परके मानले."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. या लेखाचे प्रयोजन तेच आहे.

परदेशी दंतोपचार महाग का?

दात हा शरीराचाच भाग असला तरी जगातील बहुतेक देशांत दंतवैद्यक ही वैद्यकापासून वेगळी वाढलेली शाखा आहे. जगातील पहिले स्वतंत्र दंतमहाविद्यालय अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८४० साली निघाले. तेव्हापासून शिक्षण वेगळे, दवाखाने वेगळे आणि पुढे विमाही वेगळा, अशी वाटणी रूढ झाली. अमेरिकेतील वृद्धांसाठीची 'मेडिकेअर' ही सरकारी योजना १९६५ साली आली, तीतून नेहमीचे दंतोपचार वगळलेले होते आणि ढोबळमानाने आजही ते वगळलेलेच आहेत. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा दंतोपचार विनामूल्य होते. परंतु १९५१ साली कवळ्यांवर आणि १९५२ साली दंतोपचारांवर शुल्क बसले. म्हणजे जेथे रुग्णालयातील खाट विनामूल्य मिळते, तेथेही दाताला पैसे पडतात.

अमेरिकेत एका दाढेचे रूट कॅनॉल व त्यावरील कॅप यांना मिळून दोन ते तीन हजार डॉलर सहज लागतात. अनेकदा ही रक्कम मुंबईहून जाऊन-येऊन लागणाऱ्या विमानतिकिटाहून अधिक होते. स्वतः अमेरिकन नागरिकही यामुळे सीमेपलीकडे जातात. ॲरिझोना राज्याच्या युमा शहराजवळचे मेक्सिकोतील लॉस अल्गोडोनेस हे छोटे गाव केवळ दंतवैद्यांच्या दवाखान्यांवर प्रसिद्धीस आले आहे. युरोपात ऑस्ट्रियाच्या सीमेनजीकचे मोशोनमाग्यारोवार हे हंगेरीतील शहरही असेच नावारूपाला आले. तेव्हा खर्चाची धास्ती हा केवळ आपल्या मध्यमवर्गीय मनाचा भित्रेपणा नव्हे. मात्र त्या धास्तीने दुखणे लपवल्यास खर्च कमी होत नाही, उलट वाढतो.

निघण्यापूर्वी

परदेशातील सर्वांत स्वस्त दंतोपचार म्हणजे निघण्यापूर्वी येथे घेतलेला उपचार. प्रवासाच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी दात तपासून घ्यावेत. रूट कॅनॉल व कॅप यांना दोन-तीन भेटी लागतात, काढलेल्या दाढेची जखम भरायला वेळ जातो आणि नवी कवळी तोंडात रुळेपर्यंत ती वारंवार घासून घ्यावी लागते. निघण्याच्या आठवड्यात आलेल्या रुग्णासाठी आमच्या हाती फारसे काही उरत नाही.

न दुखणारी किडकी दाढ ही सुरक्षित दाढ नव्हे. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीइतका, म्हणजे महाबळेश्वरच्याही वरच्या उंचीइतका कमी असतो. किडलेल्या किंवा अर्धवट भरलेल्या दातात अडकलेली हवा अशा वेळी प्रसरण पावते आणि एरवी शांत असलेली दाढ आकाशातच ठणकू लागते. वरच्या दाढा काढल्यानंतर तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमानप्रवास करू नये, कारण त्यांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीला लागून असतात.

दातांचे ताजे क्ष-किरण चित्र आणि झालेल्या उपचारांची टिपण सोबत ठेवावी. येथे एक बारीक परंतु महत्त्वाची गोष्ट सांगतो. आपल्याकडे दातांना दोन अंकी क्रमांक देतात, तर अमेरिकेत एक ते बत्तीस असे सरळ क्रमांक देतात. आपली '३६' क्रमांकाची दाढ म्हणजे त्यांची '१९'. आपली '१६' म्हणजे वरची उजवी पहिली दाढ, आणि त्यांच्याकडे '१६' म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. म्हणून टिपणात केवळ क्रमांक न लिहिता 'खालची डावी पहिली मोठी दाढ' असे इंग्रजीत शब्दांनी लिहून घ्यावे. रुग्णाने हे आवर्जून मागावे. त्यात संकोच मानू नये.

त्याच कागदावर चालू औषधांची मूळ नावे असावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे, हृदयातील कृत्रिम झडप, मधुमेह आणि औषधांची ॲलर्जी या गोष्टी दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला कळणे अत्यावश्यक असते.

दुखू लागल्यास

पहिली गोष्ट म्हणजे घरच्यांना त्याच दिवशी सांगावे. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कराव्यात आणि बाहेरून थंड शेक द्यावा. ऍस्पिरिनची गोळी हिरडीला लावून ठेवू नये, तिने हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाने घटकाभर बरे वाटेल, परंतु आतील कीड जाणार नाही.

आपल्याकडील पॅरासिटामॉल अमेरिकेत 'ॲसिटामिनोफेन' या नावाने विकले जाते आणि 'टायलेनॉल' हे त्याचेच प्रसिद्ध व्यापारी नाव आहे. बॅगेतील क्रोसिन आणि तेथील टायलेनॉल ही दोन वेगळी औषधे समजून एकत्र घेतल्यास दुप्पट मात्रा पोटात जाऊन यकृतास इजा होऊ शकते. आयब्युप्रोफेन दातदुखीवर गुणकारी आहे. परंतु मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. प्रतिजैविके अमेरिकेत व ब्रिटनमध्ये चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि बहुतेक दातदुखीत त्यांची गरजही नसते. दाढ उघडून पू काढणे किंवा दाढ काढणे हाच खरा उपाय असतो. आखाती देशांतून जाणाऱ्यांनी ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्या परवानगीशिवाय बाळगू नयेत. संयुक्त अरब अमिरातींत अशा औषधांवर कडक निर्बंध आहेत.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र खर्चाचा विचार क्षणभरही करू नये : सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली पसरणे, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, जिभेखालचा भाग वर उचलला जाणे, सुजेबरोबर थंडीताप. दाताचा जंतुसंसर्ग गळ्यात उतरून जीवावर बेतू शकतो. अशा वेळी अमेरिकेत ९११ आणि ब्रिटनमध्ये ९९९ या क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनी करावा.

नातवंडांसोबत असताना उपयोगी पडावे म्हणून आणखी एक सूचना. खेळताना मुलाचा कायमचा दात मुळासकट निखळल्यास तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरावा, मळला असल्यास दुधाने हलके धुवावा आणि शक्य असल्यास जागेवर बसवावा, नाहीतर दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

अमेरिकेत कोठे जावे?

रुग्णालयाचा तातडीचा विभाग ही दातदुखीची योग्य जागा नव्हे. १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या प्रत्येकाला तपासणे व त्याची प्रकृती स्थिर करणे तेथील रुग्णालयांना बंधनकारक आहे. त्यामुळे सहसा कोणी परत पाठवीत नाही. परंतु तेथे बहुधा दंतवैद्य नसतो आणि बिल मात्र आकारले जाते. वर सांगितलेली धोक्याची लक्षणे असतील तरच तो रस्ता धरावा.

दुखण्याच्या सुरुवातीलाच शोधावे असे ठिकाण म्हणजे दंतमहाविद्यालयाचे चिकित्सालय. मुंबईच्या नायर दंतमहाविद्यालयात ज्याप्रमाणे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, त्याचप्रमाणे तेथेही चालते. आपली मंडळी मोठ्या संख्येने राहतात त्या भागांत अशी महाविद्यालये आहेत : न्यू जर्सीत नेवार्क येथे रटगर्स विद्यापीठाचे, न्यूयॉर्क शहरात न्यूयॉर्क विद्यापीठाचे, सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी असतो. वेळ मात्र जास्त लागतो, आणि ज्याला पुढील आठवड्यात विमान गाठायचे आहे त्याने ते आधीच सांगावे. तातडीच्या रुग्णांसाठी वेगळी व्यवस्था आहे का, हे दूरध्वनीवर विचारून निघावे.

केंद्र सरकारच्या मदतीने चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे उत्पन्नानुसार कमी-अधिक शुल्क घेतात व त्यांतील अनेकांत दंतविभाग असतो. तथापि २०२५ च्या जुलैत तेथील सरकारने परदेशी नागरिकांच्या पात्रतेविषयी नवी भूमिका घेतली आणि तो विषय न्यायालयांत गेला. म्हणून पाहुण्याला सवलत मिळेलच असे गृहीत धरू नये, केंद्रात स्पष्ट विचारावे आणि आपण पाहुणे आहोत हे लपवू नये.

खासगी दवाखान्यात जाणे भागच पडल्यास 'फक्त दुखणाऱ्या दाढेची तपासणी' मागावी, अन्यथा संपूर्ण तोंडाची तपासणी व सफाई यांचे शुल्क लागू शकते. विमा नसलेल्या रुग्णाने मागितल्यास खर्चाचा लेखी अंदाज देणे १ जानेवारी २०२२ पासून तेथे कायद्याने बंधनकारक आहे. अंतिम बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून अधिक फुगल्यास दाद मागता येते.

ट्रस्टच्या वाचकांना एक साम्य विशेष वाटेल. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात व त्यासाठी निर्धन रुग्ण निधी ठेवावा लागतो. अमेरिकेतही करसवलत घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयांना २०१० च्या कायद्यानुसार आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावे लागते. रुग्णालयाचे मोठे बिल हाती आल्यास घाबरून भरण्यापूर्वी हे धोरण मागावे आणि अर्ज करावा. पात्रतेचे नियम रुग्णालयागणिक निराळे असतात, परंतु विचारण्यात कमीपणा नाही.

इंग्लंडमध्ये

इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या दंतवैद्याकडे उपचारांचे ठराविक टप्पे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तातडीच्या उपचाराला २७ पौंड ४० पेन्स. दात भरणे, रूट कॅनॉल किंवा दात काढणे यांना ७५ पौंड ३० पेन्स. आणि कॅप किंवा कवळी यांना ३२६ पौंड ७० पेन्स असे शुल्क होते. हे दर सहसा दर एप्रिलमध्ये बदलतात, म्हणून निघताना चालू दर पाहावेत. पाहुण्यांनाही ही प्राथमिक दंतसेवा घेता येते. खरी अडचण पैशाची नसून जागेची आहे, कारण नवे रुग्ण घेणारा दंतवैद्य सापडणे कठीण झाले आहे. तातडीच्या दुखण्यासाठी १११ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास जवळच्या तातडीच्या दंतसेवेची माहिती मिळते.

विम्याविषयी दोन शब्द

प्रवासविम्याच्या माहितीपत्रकात 'दंतोपचार समाविष्ट' असे शब्द वाचून निश्चिंत होऊ नये. बहुतेक विम्यांत केवळ अचानक उद्भवलेल्या तीव्र वेदनेवरील उपचारांचा खर्च, तोही ठराविक मर्यादेपर्यंत मिळतो. आधीपासूनची कीड, सफाई, कॅप आणि कवळी सहसा वगळलेली असतात. विमा घेण्यापूर्वी मर्यादा किती, रुग्णाने स्वतः किती भरायचे आणि उपचारापूर्वी कंपनीला कळवावे लागते का, हे तीन प्रश्न विचारावेत. पावती, निदानाची चिठ्ठी आणि क्ष-किरण चित्र जपून ठेवावे.

आग विझवावी, घर परतल्यावर बांधावे

परदेशात दंतवैद्यासमोर बसल्यावर 'आता काय अत्यावश्यक आहे, आणि काय मायदेशी परतल्यावर केले तरी चालेल?' हा एक प्रश्न अवश्य विचारावा. दाढ उघडून, दाब मोकळा करून, आत औषध भरून तात्पुरते बंद करणे हा संपूर्ण रूट कॅनॉलपेक्षा कमी खर्चाचा मार्ग असू शकतो. मात्र ते तात्पुरतेच असते. किती आठवड्यांच्या आत पुढील उपचार झाला पाहिजे, हे लिहून घ्यावे आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यातच आपल्या दंतवैद्याकडे जावे. दाढ काढणे स्वस्त पडते, परंतु काढलेली दाढ परत येत नाही. त्या जागी पुढे लागणाऱ्या दाताचा खर्चही हिशेबात धरावा. निखळलेली कॅप फेकू नये. औषधाच्या दुकानात त्यासाठी तात्पुरते सिमेंट मिळते. घरातील चिकटवणारा गोंद मात्र तोंडात कधीही वापरू नये.

याची दुसरी बाजूही आहे. परदेशी राहणारी आपली मुले येथील कमी खर्चामुळे सुट्टीत दंतोपचारांसाठी येतात. त्यांचे स्वागतच आहे. परंतु तीन आठवड्यांच्या सुट्टीत सर्व काही बसत नाही. हाडात बसवलेले कृत्रिम मूळ हाडाशी एकजीव होण्यास बहुधा काही महिने लागतात. घाईने केलेले काम परत गेल्यावर बिघडल्यास ते दुरुस्त करण्याचा खर्च तिकडच्या दराने येतो. म्हणून अशा रुग्णांनी क्ष-किरण चित्रे आधी पाठवावीत आणि उपचार दोन भेटींत विभागावेत, अशी आमची विनंती असते.

अखेरीस

मुख्याध्यापक सरांच्या अनुभवानंतर आमच्या दंतविभागाच्या केसपेपरवर एक ओळ वाढली आहे : 'येत्या सहा महिन्यांत परदेशी किंवा परगावी दीर्घ मुक्कामास जाणार आहात काय?' उत्तर 'होय' असल्यास 'परत आल्यावर बघू' असे लिहिण्यापूर्वी डॉक्टर थांबतात व रुग्णाशी पुन्हा बोलतात. या सुधारणेला खर्च काहीच आला नाही. तरी तिची किंमत एका रुग्णाने आपल्या दाढेने मोजली आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

देणगीदारांच्या साहाय्यामुळेच आमचा दंतविभाग अल्प दरात चालतो आणि गरजू रुग्णांना विनामूल्य सेवा देऊ शकतो. ज्यांना परदेशी जायचे नाही आणि ज्यांच्यासाठी तालुक्याचे गाव हाच परदेश आहे, असे रुग्ण आमच्याकडे अधिक येतात. त्यांचेही दुखणे बहुधा याच कारणाने वाढते : खर्चाच्या भीतीने ते कोणाला सांगत नाहीत. म्हणून परदेशी जाणाऱ्यांइतकीच घरी राहणाऱ्यांनाही आमची विनवणी आहे. दुखणे अंगावर काढू नका, आणि मुलांना परके मानू नका.